फगवाड्याच्या कापड गिरणीचा संघ देशाचा पहिला राष्ट्रीय लीग विजेता कसा ठरला आणि पुढे बंद का पडला?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. फगवाड्याच्या जेसीटीसारखा गिरणीचा फुटबॉल संघ एवढा मोठा कसा झाला आणि पुढे बंद का पडला, हा पहिला. आणि आपल्या बेळगाव भागातल्या एखाद्या कारखान्याने असा संघ काढला तर तो टिकेल का, हा दुसरा. मी उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली नऊ वर्षे कारखान्याच्या संघाकडून डाव्या बगलेला खेळलो, त्यामुळे हे उत्तर थोडेसे कामगाराच्या बाजूने झुकलेले वाटले तर समजून घ्यावे.

फगवाडा हे पंजाबात जालंधर आणि लुधियाना यांच्या मधले, ग्रँड ट्रंक रोडवरचे गाव. पूर्वी ते कपूरथळा संस्थानात होते, आणि तिथल्या महाराजा जगतजित सिंग यांच्या नावावरूनच 1946 साली थापर घराण्याने सुरू केलेल्या गिरणीला जगतजित कॉटन टेक्स्टाइल मिल्स हे नाव मिळाले. जेसीटी ही त्याचीच आद्याक्षरे. फुटबॉल संघ 1971 साली उभा राहिला. त्यासाठी गिरणीला खेळाडू लांबून आणावे लागले नाहीत, कारण शेजारच्या होशियारपूर जिल्ह्यातले माहिलपूर हे गाव फुटबॉलपटूंची खाण म्हणून आधीपासूनच ओळखले जात होते आणि जालंधरच्या लीडर्स क्लबसारख्या संघांत तयार झालेली मुले नोकरीच्या शोधात होती. स्वतः फगवाड्याचे असलेले इंदर सिंग हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. 1974-75 च्या संतोष करंडकात, म्हणजे राज्यांच्या संघांमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत, त्यांनी पंजाबकडून 23 गोल केले, अंतिम सामन्यात पंजाबने बंगालला 6-0 असे हरवले, आणि याच सुमारास लीडर्स सोडून ते जेसीटीत आले. 1976 साली या संघाने सीमा सुरक्षा दलाच्या संघाबरोबर ड्युरँड करंडक वाटून घेतला, तेव्हा त्याला जेमतेम पाच वर्षे झाली होती.

गिरणीने खेळाडूला नेमके काय दिले, हा भाग बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. कारखान्याच्या संघात खेळाडूचे नाव हजेरीपटावर असते, त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, सरावासाठी आणि सामन्यांसाठी पाळीतून सूट मिळते, आणि तिशी उलटल्यावर गुडघा गेला तरी खात्यात खुर्ची शिल्लक राहते. शेतकऱ्याच्या किंवा विणकराच्या घरातला बाप मुलाला चेंडूमागे धावू देतो तो या खुर्चीकडे पाहून. आमच्या शहापूर-वडगावात मागावर बसणाऱ्या घरांतली किती तरी चांगली मुले केवळ अशी खुर्ची दिसत नव्हती म्हणून अठराव्या वर्षी मैदानातून उठली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

जेसीटीचा खरा बहर नव्वदच्या दशकातला. केरळचे आय. एम. विजयन आणि जो पॉल अंचेरी, सिक्कीमचा बायचुंग भुतिया आणि आपल्या राज्यातला, बेंगळुरूचा कार्लटन चॅपमन हे सगळे एकाच वेळी या गिरणीच्या संघात होते. प्रशिक्षक सुखविंदर सिंग. 1996-97 साली राष्ट्रीय फुटबॉल लीग प्रथमच भरली, भुतियाने त्या मोसमात सर्वाधिक म्हणजे 14 गोल केले आणि कोलकाता व गोवा या दोन्ही गडांना मागे टाकून विजेतेपद पंजाबात गेले. पण याच यशात पुढच्या अडचणीचे बीज होते असे मला वाटते. हे चौघे काही फगवाड्यात नोकरी धरायला आलेले नव्हते. ते करारावरचे व्यावसायिक खेळाडू होते आणि लवकरच दुसरीकडे गेले. पुढे सुनील छेत्री 2005 ते 2008 या काळात जेसीटीकडून खेळला, 2006-07 च्या राष्ट्रीय लीगमध्ये संघ गोव्याच्या डेम्पो क्लबाच्या मागे उपविजेता राहिला, पण तोपर्यंत संघाचा खर्च कामगार कल्याणाच्या रकान्यातून निघून जाहिरातीच्या रकान्यात गेला होता. जाहिरात म्हटली की ती दिसते किती, हा प्रश्न येतोच. राष्ट्रीय लीगची जागा घेतलेल्या आय-लीगमध्ये 2010-11 साली संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि जून 2011 मध्ये कंपनीने तो बंद केला. फुटबॉलला पुरेशी प्रसिद्धी मिळत नाही, हे कारण त्या वेळी पुढे करण्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचा कारभारही त्याच्या कंपनीने आटोपला होता.

याच्या उलट उदाहरण लंडनचे आहे. टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याच्या कामगारांचा संघ 1895 साली निघाला. 1900 साली तो मोडून वेस्ट हॅम युनायटेड या नावाने स्वतंत्र क्लब झाला, आणि 1912 साली कारखाना बंद पडला तेव्हा क्लबावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. त्याच्या बोधचिन्हावर आजही कारखान्यातले हातोडे आहेत. एवढ्या लांब जायचे नसेल तर कोल्हापूर पाहा. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल ही मंडळे पेठांची आणि तालमींची आहेत. त्यांना मालक नाही, त्यामुळे ती बंद करण्याचा ठराव मांडणार तरी कोण? शाहू स्टेडियमवरच्या सामन्याला बेळगावहून माणसे मुद्दाम जातात ती उगाच नाही. कोल्हापूरची उणीव वेगळी आहे: तिथे ईर्ष्या भरपूर आहे, पण खेळाडूच्या पोटाची सोय मंडळाच्या हातात नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, कारखान्याने संघ जरूर काढावा, पण संघाची नोंदणी स्वतंत्र संस्था म्हणून करावी, नाव गावाचे ठेवावे, मैदानाचा करार संस्थेच्या नावावर असावा आणि कारखान्याने फक्त नोकऱ्या द्याव्यात. आमच्या संघाचे यांपैकी काहीच नव्हते. व्यवस्थापन बदलले, नव्या साहेबांनी खर्चाची यादी मागवली, आणि पुढच्या सोमवारी आमचे जाळे व गोलचे खांब भंगाराच्या वजनकाट्यावर होते. खांबांचे वजन मीच लिहून घेतले, कारण त्या दिवशी स्टोअरला माझी पाळी होती.