लीन कोड आला म्हणून लगेच ओ-टू सेन्सर बदलू नकोस

अरे थांब, गाडीत पी-०१७१ (लीन, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा कोड) आला म्हणून तू ओ-टू सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलायला निघालास, पण त्याचा अर्थ सेन्सर गेला असा नाही, तो बिचारा फक्त सांगतोय की हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. आधी स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा) बघ, इंजिन नीट गरम झाल्यावर. शॉर्ट (आत्ताचा) आणि लाँग (बऱ्याच वेळात शिकलेला) दोन्ही ट्रिमची बेरीज कर, साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आता खरी गंमत इथे आहे, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) ट्रिम २०-२५ दाखवतोय आणि २५०० आरपीएमला धरलं की खाली येतोय, तर कुठूनतरी फुकटची हवा आत शिरतेय, म्हणजे व्हॅक्यूम लीक. पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा होज, एअर फिल्टरनंतरच्या रबरी पाइपच्या घडीतली चीर, हे सगळं हाताने वाकवून बघ, नुसतं वरून बघून चीर दिसत नाही (मी स्वतः दोन रविवार घालवलेत त्यात). स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणं) मिळाली तर सगळ्यात भारी. गळती शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर मारत बसू नकोस, पेट घेतो तो.

उलट लोड दिल्यावर (चढावर किंवा जोरात पळवताना) ट्रिम वाढत असेल तर फ्युएल प्रेशर मोज, पेट्रोलचा फिल्टर नाहीतर पंप खराब निघेल. मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) घाण असला तरी असंच होतं, तो फक्त मॅफ क्लीनरनेच धुवायचा, तारेला बोट लावायचं नाही. आणि हो, ओ-टू सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक असेल तरी खोटं लीन दाखवतं. ट्रिमचे आकडे टाक इथे, मग बघू.