आळस पतंजलींनाही माहीत होता

बरेच प्रश्न साठलेत. विचारलंय आसनांबद्दल, झोपेबद्दल, अगदी जाऊबाईंबद्दलही, पण आत बघितलं तर बहुतेकांचा सल एकच, की मी आहे तशी पुरत नाही. मी सोसायटीच्या हॉलमध्ये योगाची सकाळी सहाची बॅच घेते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येणार, चालवून घ्या.

प्रश्न: वय 36, डोंबिवली. क्लास लावून आठ महिने झाले, पश्चिमोत्तानासनात अजून हात पायाच्या अंगठ्याला लागत नाहीत. बाजूची मुलगी तीन आठवड्यांत कपाळ गुडघ्याला टेकवायला लागली. लाज वाटते, सोडून द्यावंसं वाटतं.

उत्तर: अहो थांबा. पतंजलींची योगसूत्रं आहेत 195, काही प्रतींत 196, आणि त्यात आसनावर किती? तीन. एकाही आसनाचं नाव त्यात नाही, अंगठ्याचा तर विषयच नाही. पहिलं म्हणतं 'स्थिरसुखमासनम्', स्थिर आणि सुखाचं ते आसन. लगेच दुसऱ्यात 'प्रयत्नशैथिल्य', म्हणजे लावलेला जोर सैल सोडायचा. आणि तिसऱ्यात त्याचं फळ, की मग द्वंद्वं बोचत नाहीत. द्वंद्वं म्हणजे थंडी-ऊन वगैरे, पण मला विचाराल तर 'ती बाजूची आणि मी' हेही त्यातलंच.

आमच्या बॅचला एक काकू होत्या. पुढे वाकल्या की दात आवळलेले, खांदे कानाला भिडलेले, श्वास कोंडलेला, तोंड लालबुंद, आणि बोटं अंगठ्यापासून वीतभर लांबच. एक दिवस त्यांच्या बैठकीखाली चादरीची जाड घडी सरकवली, तळपायांना जुनी सुती ओढणी अडकवून टोकं हातात दिली आणि म्हटलं, काकू आता ओढायचं नाही, नुसता श्वास सोडायचा. चौथ्या-पाचव्या श्वासाला खांदे आपसूक खाली आले. हात अंगठ्याला लागले का? नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढे कितीतरी महिने नाही. पण आसन त्या दिवशी झालं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, ठोकळे, लोड, खुर्च्या घेऊन शिकवलं ते ह्याचसाठी, आणि हा माणूस स्वतः लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय यांनी पार खंगलेला होता, 'अंग वळत नाही' म्हणजे काय हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. तुम्ही उद्या चादर घेऊन जा.

प्रश्न: वय 42, आयटी, हिंजवडी. संतोष ठेवा म्हणता, मग अप्रेझलला काय सांगू, ठेविले अनंते तैसेचि राहावे? समाधान मानलं तर माणूस पुढे जाईल कसा?

उत्तर: हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि दर वेळी बिचारे तुकोबा त्यात ओढले जातात. तेच तुकोबा 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग' असंही म्हणून गेलेत, ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

योगातल्या पाच नियमांचा क्रम बघा: शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. संतोषाच्या मांडीला मांडी लावून तप बसलंय. माणसानं हातपाय गाळून बसावं असं म्हणायचं असतं तर शेजारी तप कशाला ठेवलं असतं? व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरच्या जुन्या विवरणात, संतोषाचा अर्थ दिलाय तो साधारण असा, की जवळ जी साधनं आहेत त्याहून जास्तीची हाव न धरणं. साधनं, हा शब्द महत्त्वाचा. डब्यात बाजरीचं पीठ आहे, ज्वारीचं संपलंय, तर बाजरीची भाकरी थापायची. ज्वारी नाही म्हणून उपाशी बसायचं नाही, आणि थापताना बाजरीला शिव्याही घालायच्या नाहीत. ज्वारी उद्या आणा की, कोण नाही म्हणतंय.

तेव्हा प्रमोशन मागा, जरूर मागा, नीट तयारी करून मागा. पण नाही मिळालं तर त्या रात्री 'मी कुचकामी आहे' असं जे डोक्यात सुरू होतं ना, तिथे सांभाळा, त्याला योगात अस्मिता म्हणतात, पाच क्लेशांपैकी, म्हणजे मनाला छळणाऱ्या गोष्टींपैकी, दुसरा. बघणारा आणि ज्यातून बघतो ते साधन, दोन्ही एकच मानून बसणं. 'सीनियर मॅनेजर' हे ईमेलच्या खाली लिहिलेलं असतं हो, आपण ते गळ्यात बांधून झोपतो.

प्रश्न: वय 24, पुण्यात एमपीएससीची तयारी करतो. ध्यान, प्राणायाम, जर्नल सगळं सुरू करतो, चार दिवस चालतं मग सुटतं. मी आळशी आहे आणि मला स्वतःचा राग येतो.

उत्तर: बाळा, तुला एक यादी देते. व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. ह्यांना अंतराय म्हणतात, वाटेतले अडथळे, योगसूत्रांच्या पहिल्याच पादात, म्हणजे प्रकरणात, आलेत. म्हणजे आळस पतंजलींना पक्का माहीत होता, तो सिलॅबसमध्येच आहे, तुझ्या एकट्याच्या स्वभावातली खोट नाही. आणि तू जे सांगतोस तो तर आळस पण नाही. आळस म्हणजे अंग आणि मन जड, उठवतच नाही. स्त्यान म्हणजे मनच कामाला तयार नाही. तुझं काय होतं, जमतं आणि मग टिकत नाही, ते शेवटचं, अनवस्थितत्व. वेगळ्या दुखण्याला वेगळं औषध, सगळ्यालाच 'मी आळशी' म्हटलं की उपाय सापडत नाही, नुसती शिवी सापडते.

औषधही दिलंय: दीर्घकाळ, खंड न पाडता, आणि सत्कारानं. पहिली दोन सगळ्यांना पाठ असतात, सत्कार मात्र गाळतात. म्हणजे जे करतो त्याला मान देऊन, घरी आलेल्या पाहुण्यासारखं. तू पाहुण्याला चार दिवस पंचपक्वान्न वाढतोस आणि पाचव्या दिवशी दार बंद. रोज चहाच दे ना. सकाळी अंथरुणावरच पाच मिनिटं बसायचं, बाकी जर्नल वगैरे सध्या राहू दे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचच, दंड म्हणून दहा नाही.

प्रश्न: वय 55, सांगली. लिहायला लाज वाटते पण जाऊबाईंचं काही चांगलं झालं की मला पोटात दुखतं. मुलाची नोकरी काय, नवीन फ्लॅट काय. रोज जप करते तरी असं.

उत्तर: लाज कसली, हे कबूल करणं हाच स्वाध्याय. पहिल्या पादात 33 वं सूत्र आहे: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी दिसला तर करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याकडे उपेक्षा. गंमत बघा, सुखी माणसाशी मैत्री हे मुद्दाम सांगावं लागलंय. दुःखात धावून जाणं आपल्याला त्या मानानं सोपं जातं, कुणाच्या वास्तुशांतीला मनापासून पेढा खाणं अवघड. जाऊबाई वाईट वागत असतील तर उपेक्षा करा, तीही परवानगी आहे, पण नुसत्या सुखी असतील तर उपेक्षा नाही, मैत्री. फोन करा, फ्लॅटला वारा कसा येतो विचारा. पहिले दोन-तीन फोन खोटे वाटतील, वाटू देत.

प्रश्न: वय 31, मुंबई. दोन महिने झोप नाही, सारखं रडू येतं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात. मामा म्हणतात गोळ्या सोड, प्राणायामानं सगळं बरं होतं.

उत्तर: गोळ्या सोडू नका. कमी-जास्त काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून. वरच्या यादीत पहिला शब्द कुठला होता? व्याधी. आजार असतो, त्याचा उपचार करायचा असतो, हे त्या यादीनंही मानलंय. आजार म्हणजे श्रद्धा कमी पडली असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. उलट अंतरायांच्या सोबत काय काय येतं तेही पुढच्याच सूत्रात दिलंय: दुःख, मन खचणं, अंगाला कंप, श्वास बिघडणं. तुमचं पत्र वाचताना मला तेच दिसत होतं. कपालभाती, भस्त्रिका सध्या नकोच. रात्री पाठीवर पडा, गुडघ्यांखाली उशी, आणि श्वास आत घेताय त्यापेक्षा सोडायला थोडा जास्त वेळ द्या, बस, मोजायच्या भानगडीत पडू नका. घाबरल्यासारखं झालं तर थांबा. आणि रात्री-अपरात्री फार जड झालं, जिवाचं बरंवाईट मनात आलं, तर 14416 वर फोन करा, सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मामांशी वाद घालू नका, त्यांना म्हणा डॉक्टरांच्या पुढच्या अपॉइंटमेंटला तुम्हीच सोबत चला.

प्रश्न: सूर्यनमस्कार पतंजलींनी सांगितलेत का? आणि मॅट कुठली घ्यावी?

उत्तर: नाही सांगितले. आज आपण घालतो त्या पद्धतीचा जोरदार प्रसार केला तो औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, विसाव्या शतकात. म्हणून कमी मोलाचे नाहीत, घाला खुशाल. मॅटचं म्हणाल तर बसायला, आडवं व्हायला घरातली सतरंजी किंवा घोंगडी उत्तम, पण गुळगुळीत टाइल्सवर ती सरकते, तेव्हा उभ्या आसनांना घसरणार नाही अशी साधी मॅट घ्या. महागडी नको, आमच्याकडे एकीची मांजरानं दुसऱ्याच दिवशी फाडली.