एकाच शेतकऱ्याची तीन खाती

प्रश्न : नाशिकमध्ये आमची द्राक्षखरेदीची पेढी आहे. हिशेब मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवतो. शेतकरी, खरेदी आणि उचल अशी तीन टेबलं आहेत. एकाच शेतकऱ्याच्या तीन-तीन नोंदी झाल्यामुळे माल एका खात्यावर आणि उचल दुसऱ्याच खात्यावर पडते. फॉरिन की (खरेदी-उचलीतला शेतकरी क्रमांक शेतकरी टेबलात असलाच पाहिजे, ही अट) लावायला गेलो की एरर 1452 येतो. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : 1452 याचा अर्थ असा की खरेदीत किंवा उचलीत असे शेतकरी क्रमांक आहेत, जे शेतकरी टेबलात नाहीतच. अनेक जण अशा वेळी फॉरिन कीची तपासणी तात्पुरती बंद करून की लावतात. हे अजिबात करू नका. की लागते खरी, पण जुन्या ओळी तपासल्या जात नाहीत, आणि तपासणी परत सुरू केली तरी त्या तशाच राहतात.

खरड छाटणी (द्राक्षकाढणीनंतरची वेलींची छाटणी) लागली की खरेदी थंडावते. तेव्हा हे काम काढा. आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष उघडून पाहा, कारण मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) रोलबॅक होत नाही, म्हणजे मागे घेता येत नाही. मग लेफ्ट जॉइन (दोन टेबलं जोडून पाहणारी क्वेरी) लावून बेवारस ओळी, म्हणजे ज्यांचा शेतकरी टेबलात नाही अशा ओळी, शोधा. त्या डिलीट करू नका. प्रत्येकीमागे कुणाचे तरी पैसे आहेत. वेगळ्या टेबलात त्यांची यादी काढा आणि पावतीपुस्तकाशी ताडून पाहा.

दुबार नोंदी ओळखताना नावावर विसंबू नका. मोबाइलही पुरेसा नाही, कारण बाप-लेक एकच नंबर देतात. शिवाय मोबाइलचा कॉलम इंट (पूर्णांक) असेल तर 9 ने सुरू होणारा दहा अंकी नंबर त्यात मावत नाही. स्ट्रिक्ट मोड (न मावणारा आकडा नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर त्याऐवजी 2147483647 साठवला जातो. हा आकडा अनेकांपुढे दिसला तर खरे नंबर गेलेच समजा. कॉलम व्हारकॅर (मजकुराचा प्रकार) करा आणि नंबर पुन्हा गोळा करा. गावांचं टेबल वेगळं करून त्यात 2011च्या जनगणनेचा 6 अंकी गावकोड ठेवा. नुसतं ‘पिंपळगाव’ लिहिलं तर बसवंत, बहुला की खांब, हे कळणार कसं?

आता एक जोडणी-टेबल करा : जुना क्रमांक आणि त्याच्यासमोर कायम राहणारा क्रमांक. त्यावरून खरेदी आणि उचल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र पक्के होतात किंवा एकत्र रद्द होतात) अपडेट करा. आधीची आणि नंतरची एकूण किलो, एकूण रक्कम व एकूण उचल तंतोतंत जुळली तरच कमिट, म्हणजे बदल पक्के. हे टेबल पुढेही जपून ठेवा. जुनी पट्टी (मालाच्या हिशेबाचा कागद) घेऊन शेतकरी आला की लागतंच.

यानंतर फॉरिन की लावा. मायआयसॅम आणि इनोडीबी हे टेबल साठवण्याचे दोन प्रकार. टेबलं मायआयसॅम असतील तर की स्वीकारली जाते पण पाळली जात नाही, इनोडीबीत आणा. दोन्ही कॉलमांचा प्रकार अगदी सारखा हवा, एक साइन्ड (ऋण आकडेही घेणारा) आणि दुसरा अनसाइन्ड (ऋण आकडे न घेणारा) चालत नाही. कॉलम नॉट नल (रिकामा ठेवता न येणारा) करा, नाहीतर रिकामा क्रमांक कीला चुकवून आत येतो. डिलीटसाठी रिस्ट्रिक्ट ठेवा, म्हणजे खरेदी असलेला शेतकरी काढताच येणार नाही. कॅस्केड ठेवलं तर एक शेतकरी काढताच त्याची सगळी खरेदी जाईल.

वजन आणि रक्कम फ्लोटमध्ये (अंदाजे साठवणारा प्रकार) असेल तर डेसिमलमध्ये (अचूक साठवणारा प्रकार) घ्या. वजनाला एकूण 9 अंक, त्यांतले 3 दशांशानंतरचे, एवढं पुरतं. आणि भाव मात्र खरेदीच्या ओळीतच राहू द्या. थॉमसन या द्राक्षवाणाचा भाव एकदाच लिहावा म्हणून तो वाणाच्या टेबलात हलवला, तर आजचा भाव बदलताच मागच्या सगळ्या पट्ट्या बदलतील.

प्रश्न : चुकीची नोंद अडवणाऱ्या तपासण्या आमच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये आहेत. डेटाबेसमध्ये पुन्हा कशाला? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : एक्सेलमधून येणारा डेटा फॉर्ममधून जात नाही. शिवाय दोन काउंटरांवर एकाच क्षणी एकच पावती क्रमांक टाकला, तर दोन्ही फॉर्मना तो मोकळाच दिसतो. तिथे फक्त युनिक कीच (तीच किंमत दुसऱ्यांदा न घेणारी अट) अडवू शकते. ती हंगाम, पुस्तक आणि पावती क्रमांक अशा तिन्ही कॉलमांवर मिळून लावा, आणि तिन्ही नॉट नल करा, कारण नल असलेल्या ओळी युनिक कीतून कितीही वेळा जातात. वजन शून्यापेक्षा जास्त हवं, अशी चेक अट मायएसक्यूएल 8.0.16 पासूनच पाळतं. त्याआधीच्या आवृत्त्या ती वाचून सोडून देतात, त्यामुळे आधी आवृत्ती पाहा.