मालकाची थकबाकी, भाडेकरूची वीज: इंदूरच्या टाउनशिपमधला एक प्रश्न

प्रश्न: इंदूरला निपानिया भागातल्या एका मोठ्या टाउनशिपमध्ये मी आठ महिन्यांपासून भाड्याने राहते. करार अकरा महिन्यांचा आहे. २२,००० रुपये भाडं मालकांना आणि ३,२०० रुपये मेंटेनन्स व्यवस्थापनाला, दोन्ही दर महिन्याला ऑनलाइन भरते. मालक पुण्याला असतात. बिल्डरशी वाद असल्यामुळे माझ्या आधीच्या काळातला ६८,००० रुपये मेंटेनन्स त्यांनी थांबवून ठेवलाय. आता मी प्रीपेड मीटरला २,००० रुपयांचा रिचार्ज केला की त्यातले १,२०० त्या थकबाकीत वळते होतात. दोनदा रात्री बॅलन्स संपून वीज गेली. लिफ्टचं कार्ड बंद करू, एनओसीशिवाय सामान गेटबाहेर जाऊ देणार नाही, असंही ऑफिसात ऐकवलं. कापले गेलेले पैसे मी भाड्यातून वळते करून घेऊ का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: ते ६८,००० रुपये तुमचं देणं नाही. मेंटेनन्सची जुनी जबाबदारी फ्लॅटच्या मालकाची आहे आणि ती वसूल करायला व्यवस्थापनाला मालकावर दावा लावता येतो. तुमच्या विजेच्या पैशांना हात लावणं ही वसुली नव्हे, जबरदस्ती आहे.

तरीही भाड्यातून परस्पर एक रुपयाही कापू नका. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ च्या कलम १२(१)(अ) प्रमाणे मालकाने थकलेल्या भाड्याची लेखी मागणी केली आणि ते दोन महिन्यांत दिलं नाही, तर घर खाली करून मागायला त्याला कारण मिळतं. आज तुमची बाजू निर्मळ आहे. दरमहा १,२०० कमी दिलेत तर न्यायालयात आधी तुमच्याच थकबाकीचा हिशेब होईल. मालकांनी 'कापलेली रक्कम भाड्यात धरा' असं ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून दिलं, तर मात्र खुशाल वळती करा. फोनवरचं 'बघून घेऊ ताई' पुरेसं नाही.

लेखी संमती मिळाली नाही तरी पैसे बुडत नाहीत. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ६९ सांगतं की दुसऱ्याने कायद्याने द्यायची रक्कम आपलं हित गुंतलेलं असल्यामुळे भरावी लागली, तर ती त्याच्याकडून परत मागता येते. कलम ७२ प्रमाणे दबावाखाली घेतलेला पैसा घेणाऱ्याने परत करायचा असतो. म्हणजे मालक आणि व्यवस्थापन दोघांवरही मागणी लावता येते, फक्त तीच रक्कम दोनदा मिळणार नाही. यासाठी आजपासून प्रत्येक रिचार्जनंतर व्यवस्थापनाला एक ओळ पाठवा: 'आजच्या २,००० पैकी १,२०० माझ्या संमतीविना वळते केले, हक्क राखून भरणा करत आहे.' ही ओळ नसेल तर पुढे 'बाईंनी राजीखुशीने भरले' असा बचाव येतो.

आता विजेचं. आधी बिल बघा. वीज कंपनीचं, आयव्हीआरएस क्रमांक (म्हणजे कंपनीचा ग्राहक क्रमांक) असलेलं बिल फ्लॅटच्या नावाने येत असेल, तर व्यवस्थापनाचा त्या जोडणीशी संबंधच नाही. पण तुमच्या वर्णनावरून टाउनशिपची एकच सामायिक जोडणी आहे आणि आतले मीटर व्यवस्थापनाचे आहेत. तरी फरक पडत नाही. विद्युत अधिनियम, २००३ चं कलम ५६ थकबाकीसाठी वीज तोडायचा अधिकार वितरण किंवा निर्मिती कंपनीला देतं, तोही किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन. मेंटेनन्स गोळा करणाऱ्या एजन्सीला त्यातून काहीच मिळत नाही. शिवाय वीज ग्राहक हक्क नियम, २०२० मध्ये फेब्रुवारी २०२४ ला दुरुस्ती झाली आहे. तिच्याप्रमाणे अशा वसाहतींत फ्लॅटची वीज, जनरेटरची वीज आणि सामायिक जागेची वीज यांचं मोजमाप, बिल आणि वसुली तिन्ही वेगवेगळी ठेवायची आहेत. विजेच्या खात्यातून मेंटेनन्स कापणं या नियमाच्या थेट विरुद्ध जातं. हा मुद्दा नोटिशीत सगळ्यात वर घाला. व्यवस्थापनाकडे त्याला उत्तर नसतं.

'स्वतंत्र मीटर घेऊ का?' असंही मनात येईल. दिलीप विरुद्ध सतीश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये म्हटलं आहे की घरमालक एनओसी देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही. अर्जदाराचा ताबा आहे की नाही एवढंच कंपनीने बघायचं. पण सामायिक जोडणी असलेल्या वसाहतीत वैयक्तिक जोडण्यांचा निर्णय फ्लॅटमालकांच्या मतदानाने होतो, तेव्हा उरलेल्या तीन महिन्यांत तो मार्ग तुमच्या कामाचा नाही. इंदूरला वीज देणाऱ्या पश्चिम क्षेत्र वीज कंपनीकडे १९१२ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक मात्र जरूर घ्या, आणि तीच तक्रार कंपनीच्या पोलो ग्राउंडच्या कार्यालयात लेखी देऊन आवक शिक्का घ्या.

पुरावा नीट जमवा. रिचार्जआधी आणि नंतर मीटरच्या पडद्याचा फोटो काढा, त्यात युनिट आणि शिल्लक दोन्ही दिसली पाहिजेत. एका वहीत तारीख, भरलेली रक्कम, जमा झालेली आणि कापलेली रक्कम लिहा. ऑफिसातून तुमच्या नावाचा आणि फ्लॅटच्या नावाचा असे दोन वेगळे खातेउतारे लेखी मागा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. पोलीस ठाण्यात दिलेल्या भाडेकरू माहितीची प्रत तुमच्या ताब्याचा पुरावा म्हणून चालते.

नोटीस मॅनेजरच्या नावाने काढू नका. अशी प्रकरणं इथेच अडतात, कारण मॅनेजर उद्या बदलतो. मेंटेनन्सच्या पावतीवर आणि तुम्ही पैसे पाठवता त्या बँक खात्यावर कोणाचं नाव आहे ते बघा: एजन्सी, बिल्डर की रहिवाशांची संस्था. त्या सगळ्यांना आणि मालकांनाही एकच नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. सात दिवसांत वळतं करणं थांबवा, कापलेली रक्कम परत करा, वीज-पाणी-लिफ्ट अडवणार नाही असं लिहून द्या, एवढ्याच तीन मागण्या ठेवा.

नोटिशीनंतरही वीज तोडली किंवा लिफ्टचं कार्ड बंद केलं, तर इंदूरच्या दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा आणि सोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम १ व २ खाली तात्पुरत्या मनाईचा तातडीचा अर्ज. १९६१ च्या कायद्यातल्या कलम ३८ खाली भाडा नियंत्रण प्राधिकाऱ्याकडेही जाता येतं, पण ते कलम मुख्यतः मालकावर रोखलेलं आहे; एजन्सी 'आम्ही मालक नाही' म्हणून हात झटकेल. म्हणून मी दिवाणी दावाच आधी लावायला सांगेन. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पैसे परत आणि भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. दरमहा ३,२०० देऊन तुम्ही सेवा घेता, म्हणून तुम्ही ग्राहक आहात. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. रेराकडे, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे, जाऊ नका: त्या कायद्यातल्या 'आवंटिती'च्या (बिल्डरकडून फ्लॅट मिळालेल्या व्यक्तीच्या) व्याख्येतून भाडेकरू वगळलेला आहे. बिल्डरविरुद्ध रेरात जायचं ते तुमच्या मालकांनी, आणि ते त्यांना लेखी कळवा.

सामानाचं म्हणाल, तर तुमचं सामान अडवायचा अधिकार कोणालाही नाही. माणसाचीच वाट अडवली तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. घर सोडायच्या सात दिवस आधी व्यवस्थापन आणि पोलीस ठाणे दोघांना तारीख लेखी कळवा, तुमच्या काळातल्या मेंटेनन्सच्या सगळ्या पावत्यांची प्रत जोडा. ट्रक दिवसाउजेडी बोलवा. गेटवर अडवलं तर हुज्जत न घालता ११२ लावा आणि व्हिडिओ सुरू ठेवा. किल्ली देताना मालकांकडून ताबा परत मिळाल्याची आणि अनामत चुकती केल्याची सही त्याच वेळी घ्या.