बाबांची पेन्शन आणि केळवणातला टोमणा

प्रश्न : नमस्कार. मी न्यू जर्सीत असतो, आईबाबा मुलुंडला. बाबा ७४ वर्षांचे. लोअर परळच्या एका छापखान्यातून २००९ मध्ये निवृत्त झाले. पीएफवाल्यांकडून त्यांना महिना २,१०० च्या आसपास पेन्शन येते. मी दर महिन्याला त्याच्या कितीतरी पट पाठवतो. तरी ते हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत चकरा मारतात, आता सरकारी उपचारांचं वय वंदना कार्डही काढून आलेत, आणि ७५ पूर्ण झाली की एसटीनं फुकट गावाला जाणार म्हणून आत्तापासून खुशीत आहेत. मध्यंतरी एका केळवणात माझे मामेसासरे सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मुलगा अमेरिकेत आणि बाप सरकारच्या रांगेत!’ आईला फार लागलं. मी बाबांना म्हटलं, सोडा हे सगळं, काय कमी आहे आपल्याला? तेव्हापासून फोनवर नुसतं हं-हं करतात. कसं समजावू त्यांना?

उत्तर :

त्यांना समजावण्यासारखं मला काही दिसत नाही. तुम्ही त्यांना नक्की काय सोडायला सांगितलंत, ते मात्र एकदा बघायला हवं. पेन्शन, कार्ड, एसटी या तीन निरनिराळ्या गोष्टी. मामेसासऱ्यांनी त्या एका दमात ‘सरकारच्या’ केल्या आणि तुम्हीही तसंच धरून चाललात.

आधी पेन्शन. पेन्शनर मंडळी जिला ‘ईपीएस पंच्याण्णव’ म्हणतात ती पीएफची पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. मालक कामगाराच्या नावानं जे बारा टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के तिच्यात वळते होतात. सरकार १.१६ टक्के घालतं. हे टक्के सहसा पुऱ्या पगारावर नसतात, ठरलेल्या मर्यादेवर असतात, आणि बाबा निवृत्त झाले तेव्हा ती मर्यादा साडेसहा हजार होती. (सप्टेंबर २०१४ पासून पंधरा हजार झाली. बाबांना त्याचा काय उपयोग?) पेन्शन काढायची रीत अशी की, पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. १९९५ नंतरची चौदा वर्षं साडेसहा हजारांवर धरली तर १,३०० रुपये होतात. आधीच्या नोकरीचे थोडे वर. हा हिशेब पाहिलात की २,१०० चा आकडा कुठून आला ते कळेल. त्याला महागाई भत्ता नाही, म्हणजे २००९ मध्ये जे हातात पडत होतं तेच आजही पडतं. २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० ठरवली गेली. ती ७,५०० करा आणि वर महागाई भत्ता द्या, म्हणून हे म्हातारे लोक वर्षानुवर्षं मोर्चे काढतायत.

तर ही पेन्शन सोडा म्हणणं म्हणजे छापखान्यात उभं राहून कमावलेल्या पगारातला मागे ठेवलेला भाग सोडा म्हणणं. माणूस अबोला धरेल नाहीतर काय करेल?

सर्वोच्च न्यायालयानं हे डी. एस. नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ ला सांगून ठेवलंय. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नाही, केलेल्या नोकरीबद्दलचा हक्क आहे. पेन्शनरांच्या संघटना म्हणूनच १७ डिसेंबरला पेन्शनर्स डे पाळतात. खटला सरकारी पेन्शनरांचा होता, हे खरं. पण त्याच वर्षी, १८ जानेवारीला, या शहरातले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले होते. एकीकडे पेन्शन हा हक्क ठरला आणि दुसरीकडे लालबाग-परळमधली हजारो घरं महिन्याला बांधलेलं असं काहीही हातात न येता म्हातारी झाली. मुंबईत निवृत्त माणसाकडे बघायची नजर मला वाटतं तेव्हापासूनच दुभंगलेली आहे.

कुठल्याही जॉगर्स पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसा. मंत्रालयातून किंवा बँकेतून निवृत्त झालेल्याची पेन्शन हा त्याचा रुबाब असतो. ‘साहेबांना चांगली पेन्शन आहे हो!’ ईपीएसवाल्याची पेन्शन म्हणजे चेष्टेचा विषय. आणि श्रावणबाळ या निराधार ज्येष्ठांच्या योजनेचे पैसे घेणारी बाई त्या कट्ट्यावर बसतच नाही, ती कुणाच्या तरी पोळ्या लाटत असते. गंमत बघा, तिजोरीतून सगळ्यात जास्त घेणाऱ्याला कुणी रांगेतला बाप म्हणत नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा खासगीतल्या लोकांनी ‘आमच्या करातून यांची चैन’ म्हणून खूप राग काढला. तो राग सगळा खोटा नव्हता. ज्याला स्वतःला २,१०० मिळतात त्याला टोचणारच. पण असा राग वर चढत नाही, उतरणीला लागतो आणि शेवटी ज्याला सगळ्यात कमी मिळतं त्याच्यावर येऊन आदळतो. तुमच्या मामेसासऱ्यांची स्वतःची नोकरी कुठली होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला उगाचच एक अंदाज आहे.

आता कार्ड आणि एसटी. वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आहे, उत्पन्न विचारत नाहीत. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. आईही सत्तरीच्या पुढे असतील तर दोघांना मिळून पाच लाख. हे रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतं, रोजच्या गोळ्यांना आणि डॉक्टरच्या फीला नाही. खासगी विमा असला तरी हे कार्ड घेता येतं. सत्तरीनंतर खासगी विम्याचा हप्ता काय होतो ते तुम्ही भरत असाल तर ठाऊकच असेल. कार्ड बाबांनी काढलं हे उत्तम केलं. तुम्ही एवढंच करा, की घराजवळची कुठली रुग्णालयं योजनेत आहेत ते आत्ताच बघून यादी फ्रिजवर चिकटवायला सांगा. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समध्ये बसून शोधायची ती गोष्ट नाही.

एसटीचा ७५ पुढचा मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. ऐपत असलेल्यानं घ्यावा का? हा प्रश्न रास्त आहे, पण तो सरकारला विचारायचा आहे. ऐपत पाहून द्यायचं ठरवलं की काय होतं ते ब्रिटनमधल्या वाचकांनी नुकतंच पाहिलं. २०२४ च्या हिवाळ्यात तिथल्या सरकारनं घर उबदार ठेवायला ज्येष्ठांना मिळणारी रक्कम फक्त गरिबांपुरती केली, एवढा गहजब झाला की पुढच्याच वर्षी बहुतेकांना ती परत द्यावी लागली. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये रेल्वेची ज्येष्ठांची सवलत गेली, साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ च्या बायकांना ५० टक्के. कोविडसाठी म्हणून गेली ती आलीच नाही. तुमच्या बाबांनी तेव्हा कुणाकडे तक्रार केल्याचं तुमच्या कानावर आलं होतं का? त्यांना लालपरीत खिडकीपाशी बसून फुकट गावाला जायचंय तर जाऊ द्या. सोबत पाठदुखीचा पट्टा द्या.

एका ठिकाणी मात्र मी मामेसासऱ्यांच्या बाजूनं उभी राहीन. श्रावणबाळ योजनेसाठी वय ६५ लागतं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत. महिन्याचे होतात साडेसतराशे. मुंबईत एवढ्यात राहणारा माणूस खरोखर निराधारच असतो, आणि त्याला १,५०० रुपये मिळतात. मुलगा परदेशात, फ्लॅट स्वतःचा, आणि तरी कमी उत्पन्नाचा दाखला ‘करून घेऊन’ हे पैसे घेणारी घरं असतात. ओळखीचा माणूस असतो, दाखला मिळतो. लाडकी बहीण योजनेतही तेच झालं. अडीच लाखांची मर्यादा असताना सरकारी नोकरीतल्या बायकांनीही अर्ज भरले आणि नंतर नावं वगळायची वेळ आली. अशा घरांमुळे पोळ्या लाटणाऱ्या त्या बाईकडे प्रत्येक खिडकीवर संशयानं बघतात, तिला कागद घेऊन परत परत बोलावतात. तुमच्या नात्यात कुणी असं करत असेल तर केळवणात त्याच्याबद्दल बोलायला हरकत नाही. तुमच्या बाबांचा यात काही संबंध नाही.

थोडं समुद्राच्या तुमच्या बाजूकडेही बघू. न्यू जर्सीतल्याच कितीतरी बैठकांमध्ये मुंबईच्या रांगेची लाज वाटणारे लोक ‘आईबाबांना ग्रीन कार्डावर बोलावून घ्या, तिकडे सगळं फुकट मिळतं’ असा सल्ला हुशारी म्हणून देतात. तो सल्ला अर्धवट आहे. १९९६ च्या कायद्यानंतर नव्यानं आलेल्या ज्येष्ठांना एसएसआय हा गरीब वृद्धांसाठीचा सरकारी भत्ता सहसा नागरिकत्व घेतल्याशिवाय किंवा चाळीस तिमाह्यांचं काम जमेस धरल्याशिवाय मिळत नाही. बोलावणाऱ्या मुलानं पालनपोषणाची कायदेशीर हमी लिहून दिलेली असते, ती वेगळीच. आणि भत्ता सुरू झाल्यावर सलग तीस दिवस देशाबाहेर राहिलं की तो थांबतो. गणपती ते दिवाळी मुंबईत काढणाऱ्या आजीआजोबांना तो काय कामाचा?

तुमच्या स्वतःच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनचे, ६.२ टक्के कापले जातात, तेवढेच मालक भरतो. दहा वर्षांची चाळीस क्रेडिट पूर्ण झाली का, हे तुम्ही नक्की मोजलेलं असणार, कारण भारत आणि अमेरिकेत या बाबतीत करार नाही आणि दहा वर्षांच्या आत परत आलेल्यांचे ते पैसे तिथेच राहतात. त्याबद्दल किती जण हळहळतात! सदुसष्टाव्या वर्षी तुमची पुरी रक्कम सुरू होईल. तेव्हा तुमच्या मुलीनं म्हटलं, ‘बाबा, सोडा ना, मी देते की,’ तर?

तुम्ही पाठवता ते पैसे बाबा घेतात, तुमचं कौतुकही करत असतील. पण त्या पैशांतून नातवाच्या हातात शंभराची नोट ठेवताना ती तुमचीच नोट असते, तुमच्या आईला साडी घेताना ती तुमची साडी होते. २,१०० तले पैसे कुठे गेले हे त्यांना कुणी विचारत नाही. एखाद्या वेळी कट्ट्यावरच्या मित्रांना ते चहा पाजत असतील, एखादं मासिक लावलेलं असेल. नोकरी सुटून पंधरा-सोळा वर्षं झाली तरी महिन्यातून एकदा स्वतःच्या नोकरीचे पैसे खात्यात पडतात. ते बंद करून तुमच्या मोठ्या रकमेनं त्यांची भरपाई होणार नाही, रक्कम दुप्पट केलीत तरी.

खरंच काही करायचंय तर पैसे देण्याची पद्धत बदला. तुम्हाला अनिवासी म्हणून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येत नाहीत, बाबांना येतात, तीस लाखांपर्यंत. मुलानं वडिलांना दिलेल्या भेटीवर भारतात कर लागत नाही, आणि मग त्यावरचं व्याज बाबांचं उत्पन्न ठरतं, तुमच्यात मिळवलं जात नाही. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी पुरे तीस लाख ठेवले तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये त्यांच्या खात्यात येतील. जमेल तेवढे ठेवा, एकदम तीस असलेच पाहिजेत असं नाही. दर महिन्याला ‘पाठवले हं’ असा मेसेज यायचा थांबेल. तोही थोडा जाचतो, हे कुणी बोलून दाखवत नाही. अमेरिकेत एवढी रक्कम भेट दिल्याचं कळवावं लागतं का, हे तिथल्या सीएला आधी विचारा.

हयातीच्या दाखल्यासाठी आता बँकेत जायलाच हवं असं नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण निघतं, आणि ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचीही सक्ती नाही. वर्षात कधीही द्या, पुढे वर्षभर चालतं. पुढच्या भेटीत त्यांच्या फोनवर बसवून द्या. पण त्यांना बँकेतच जायचं असेल, तिथल्या काउंटरवरच्या मुलीशी दोन शब्द बोलून ‘जिवंत आहे बरं का’ म्हणून यायचं असेल, तर तेही राहू द्या.

मामेसासऱ्यांना पुढच्या कार्यात उत्तर द्यायचं तर बायकोकडून देऊ नका, तिचे मामा आहेत, तिला अवघड होईल. तुम्हीच हसत सांगा, ‘बाबांच्या नोकरीचे पैसे आहेत ते, माझे नव्हेत.’ तेवढ्यावर विषय सोडा आणि जिलबी घ्या.

आणि एक काम त्याच पुढच्या भेटीत उरका. ईपीएसमध्ये बाबांच्या पश्चात आईला निम्मी पेन्शन मिळते, हजाराच्या खाली नाही. त्यासाठी पेन्शनच्या कागदांवर आईचं नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच हवी. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, हा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो. पेन्शनचा आदेश, दोघांची आधार कार्डं आणि बँकेचं पासबुक समोर ठेवून, बाबांना शेजारी बसवून एकदा ताडून बघा.