'शालेय प्रशासन, शिक्षक प्रशिक्षण आणि विद्यार्थी विकास : परस्परसंबंधाचा अभ्यास' हा विषय पीएच.डी.साठी कसा आहे?

तुम्ही लिहिलंय की शीर्षक मार्गदर्शकांनी सुचवलं आहे. मुख्याध्यापक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठी तीन वेगवेगळ्या प्रश्नावल्या करायच्या, त्या पन्नासेक शाळांना पाठवायच्या आणि आलेल्या आकड्यांचा सहसंबंध काढायचा, असा बेत आहे. 'एवढं पुरेल का?' हा तुमचा प्रश्न.

पदवीपुरतं पुरेल. असे प्रबंध ढिगाने मंजूर होतात. पण शेवटी हातात काय उरेल ते आधीच सांगून टाकतो, कारण मी स्वतः नेमकं हेच केलं होतं.

बरीच वर्षं शिकवल्यावर मी मुख्याध्यापक झालो आणि त्याच सुमारास संशोधनासाठी नोंदणी केली. साठ विधानांची प्रश्नावली तयार केली, प्रत्येक विधानापुढे 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंत पाच चौकटी. त्यातलं एक विधान होतं, 'मी शिक्षकांना अध्यापनात नियमित मार्गदर्शन करतो.' एकाही मुख्याध्यापकाने असहमती दाखवली नाही. दाखवेल कोण? मी तरी दाखवली असती का? पुढे एका शाळेतून आलेल्या सात शिक्षकांच्या प्रश्नावल्या चाळताना दिसलं की सातही प्रतींवरच्या खुणा एकाच पेनाने आणि एकाच हाताने केलेल्या आहेत. तो गठ्ठा मी त्या संध्याकाळी बांधला तो पुन्हा सोडलाच नाही. दीड वर्ष पाण्यात गेलं.

माझी चूक आकडेमोडीत नव्हती. प्रशासन, प्रशिक्षण आणि विकास हे मी तीन कप्पे धरले आणि प्रत्येक कप्प्यातल्या माणसाला 'तुमचं कसं चाललंय?' असं विचारत सुटलो. खरं तर ही एकच साखळी आहे. मुख्याध्यापकाचा निर्णय मुलापर्यंत थेट जात नाही, तो शिक्षकाच्या हातून जातो. प्रशिक्षणही मुलापर्यंत थेट जात नाही, ते वर्गात उतरलं तरच जातं. त्यामुळे बघायची जागा एकच: प्रशिक्षण संपवून शिक्षक वर्गात परत येतो तेव्हा काय बदलतं, आणि तो बदल टिकावा म्हणून शाळा काय करते.

या जागेवर भरपूर काम झालंय, आणि ते वाचायला रंजकही आहे. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन आणि सहकाऱ्यांचा प्रचंड मोठा अहवाल आला; सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी त्यात होते. मुलांच्या यशातला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीने जास्त उलगडतो, असा त्याचा सूर होता. 'शाळेने फारसा फरक पडत नाही' असा त्याचा अर्थ अनेकांनी लावून टाकला. पुढच्या अभ्यासांत मुलांची वर्षागणिक प्रगती त्यांच्या शिक्षकाशी जोडून पाहिली जाऊ लागली तेव्हा चित्र बदललं. दोन शाळांमधला फरक मर्यादित, पण एकाच शाळेतल्या शेजारशेजारच्या दोन वर्गांतला फरक मोठा. ही गोष्ट कुठल्याही स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत असते. फक्त बोलत कोणी नाही.

आता प्रशिक्षण. २००७ साली अमेरिकेत क्वांग सुक यून आणि सहकाऱ्यांनी शिक्षक प्रशिक्षणाचा विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर काय परिणाम होतो, यावरचे १३०० हून अधिक अभ्यास चाळले. पुराव्याच्या कडक निकषांवर टिकले फक्त नऊ. (तुमचा प्रबंध त्या चाळणीत कुठे पडेल, हा प्रश्न आजच स्वतःला विचारा. मी विचारला होता. उत्तर आवडलं नाही.) त्या नऊ अभ्यासांत शिक्षकांना सरासरी ४९ तासांचं प्रशिक्षण मिळालं होतं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची सरासरी प्रगती सुमारे २१ शततमकांची होती, म्हणजे शंभरात मधोमध असणारं मूल साधारण एकाहत्तराव्या जागी पोचावं इतकी. जिथे प्रशिक्षण १४ तासांपेक्षा जास्त होतं तिथे फायदा दिसला. एक-दोन दिवसांच्या कार्यशाळांचा मात्र ठसा उमटला नाही.

पण नुसते तास वाढवले की झालं, असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतला एक प्रयोग मला या बाबतीत फार बोलका वाटतो. १८० शाळा, प्राथमिक वर्ग, मातृभाषेतलं वाचन. काही शाळांतल्या शिक्षकांना एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिलं. काही शाळांत अनुभवी मार्गदर्शक दर महिन्याला थेट वर्गात जाऊन बसले, शिकवून दाखवलं, शिक्षकाचं शिकवणं पाहून त्यावर बोलले. पाठाची टाचणं आणि वाचनसाहित्य दोन्हीकडे सारखंच होतं. उरलेल्या शाळांत यातलं काहीच नव्हतं. दोन वर्षांनी मोजलं तेव्हा एकत्र बोलावून दिलेल्या प्रशिक्षणाचा परिणाम ०.१२ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) इतका होता आणि वर्गात येऊन केलेल्या मार्गदर्शनाचा ०.२४.

हे असं का होतं, ते शिकवलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गटकार्यावरच्या प्रशिक्षणात मी पहिल्या रांगेत बसायचो. सगळं पटायचं, वहीत नीट उतरवून घ्यायचो. सोमवारी वर्गात मुलांचे गट पाडले की चौथ्या मिनिटाला गलका, दोन गटांत भांडण, शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघतायत. पाचव्या मिनिटाला मी 'सगळ्यांनी जागेवर बसा' म्हणून फळ्याकडे वळलेला असायचो. मला माहिती कमी नव्हती. त्या पाचव्या मिनिटाला काय करायचं, हे शेजारी उभं राहून सांगणारं कोणी नव्हतं. सभागृहातल्या प्रशिक्षणात पाचवं मिनिट येतच नाही.

मार्गदर्शनाची ही पद्धत रामबाण आहे असं समजू नका. २०१८ साली मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी अशा ६० अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. शिक्षकाच्या अध्यापनावर ०.४९ प्रमाण विचलन इतका परिणाम, पण विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर ०.१८. साखळीची एक कडी पुढे गेलं की जोर निम्म्याहून खाली येतो. आणि कार्यक्रम जितका मोठा, शिक्षक जितके जास्त, तितका परिणाम पातळ. चांगले मार्गदर्शक मोजकेच असतात. शंभर वर्गांना पुरे पडायला लागले की त्यांचाही तपासनीस होतो. तुमच्या संशोधनासाठी इथे जागा आहे: अध्यापन बदलूनही मुलांपर्यंत पोचताना काय गळतं?

प्रशासन इथे येतं. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली शालेय नेतृत्वावरच्या संशोधनाचं विश्लेषण केलं. प्रेरणा देणारं, दूरदृष्टीचं वगैरे नेतृत्व आणि शिकवण्या-शिकण्यात प्रत्यक्ष लक्ष घालणारं नेतृत्व, यांत दुसऱ्याचा विद्यार्थ्यांवरचा परिणाम तिप्पट-चौपट निघाला. मुख्याध्यापक ज्या ज्या गोष्टी करतात त्यांत सगळ्यात वजनदार ठरली ती ही: शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सहभागी होणं. प्रशिक्षणाचं उद्घाटन करून, नारळ-हार उरकून कार्यालयात परतणं यात मोजलं जात नाही.

मात्र 'लक्ष घालणं' म्हणजे नेमकं काय, इथे माझे कान उपटले गेले. २०१३ साली जेसन ग्रिसम, सुझॅना लोब आणि बेंजामिन मास्टर यांचा एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या मायामी-डेड भागातल्या सुमारे शंभर शाळांत संशोधक मुख्याध्यापकांच्या मागे दिवसभर फिरले आणि त्यांचा वेळ कुठे जातो ते टिपत राहिले. जे मुख्याध्यापक शिक्षकांना बसून मार्गदर्शन करत होते त्यांच्या शाळांत मुलांची प्रगती जास्त होती. जे नुसतेच वर्गावर्गांतून फेऱ्या मारत होते त्यांच्या शाळांत उलटा संबंध दिसला, विशेषतः वरच्या वर्गांच्या शाळांत. मी रोज सकाळी हातात वही घेऊन सगळ्या मजल्यांवरून फिरायचो आणि त्याचा मला अभिमान होता. मी दारात दिसलो की शिक्षकांचा आवाज बदलायचा, मुलं ताठ बसायची. दोन मिनिटांनी मी पुढे. त्या वहीत काय लिहिलंय, हे मी एकाही शिक्षकाशी कधी बसून बोललो नव्हतो.

कागदी व्यवस्थापनाचं आणखी मोठं उदाहरण मध्य प्रदेशातलं आहे. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तिथे शाळांचं मूल्यमापन आणि प्रत्येक शाळेसाठी सुधारणा आराखडा, अशा एका सरकारी कार्यक्रमाची प्रयोगपद्धतीने तपासणी केली. मूल्यमापनं झाली, आराखडेही तयार झाले. शाळा चालण्यात किंवा मुलांच्या शिकण्यात काहीही फरक पडला नाही. तरीही कार्यक्रम 'यशस्वी' ठरून पुढे देशभरातल्या सहा लाखांहून अधिक शाळांपर्यंत नेला गेला, कारण कागद वेळेवर भरले जात होते. आता तुमच्या मुख्याध्यापकांच्या प्रश्नावलीकडे पुन्हा बघा. ती हेच कागद मोजणार आहे.

विद्यार्थी विकासाबद्दल थोडक्यात. गुणांवर थांबू नका, पण 'सर्वांगीण विकास' असंही लिहू नका. तो शब्द मोजता येत नाही. किराबो जॅक्सन यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या नववीच्या शिक्षकांवर केलेला २०१८चा अभ्यास जरूर वाचा. त्यांनी गैरहजेरी, शाळेतून तात्पुरतं काढून टाकलं जाणं, विषयांतल्या श्रेणी आणि वेळेवर पुढच्या वर्गात जाणं यांचा एकत्र विचार केला. चाचणीतले गुण वाढवणारे शिक्षक आणि मुलांचं हे वागणं सुधारणारे शिक्षक बऱ्याचदा वेगवेगळे निघाले, आणि मूल शाळा पूर्ण करणार का याचा अंदाज दुसऱ्या बाबीने जास्त चांगला बांधता आला. तुमच्या दृष्टीने सोय अशी की हजेरीपट प्रत्येक शाळेत असतो.

आता आराखडा. पन्नास शाळा सोडा. सहा ते आठ शाळा घ्या आणि वर्षभर तिथे जात राहा. एकाच प्रशिक्षणातून आलेले शिक्षक निवडा. प्रशिक्षणाच्या आधी दोन-तीन तासिका, लगेच नंतर, तीन महिन्यांनी आणि वर्ष संपताना, अशी त्यांच्या वर्गात बसून निरीक्षणं करा. प्रशिक्षणात शिकवलेल्या फक्त दोन-तीन कृती ठरवून घ्या, उदाहरणार्थ प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद थांबतो, किंवा मागच्या बाकांवरच्या किती मुलांना बोलायची संधी मिळते. जोडीला मुख्याध्यापकांच्या वेळेची नोंद: त्या आठवड्यात कोणत्या शिक्षकाशी त्याच्या शिकवण्याबद्दल दहा मिनिटं तरी बोलणं झालं का, आणि शिक्षकाकडून स्वतंत्रपणे तोच प्रश्न. या दोन उत्तरांमधली तफावत हा प्रबंधातला सगळ्यात वाचनीय भाग ठरेल, असं माझं भाकीत आहे.

आकड्यांचा मोह झालाच तर दोन खड्डे सांभाळा. पहिला: एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, कारण त्यांचा शिक्षक एकच असतो. दहा वर्गांतली चाळीस-चाळीस मिळून चारशे मुलं घेतलीत आणि गुणांमधला २० टक्के फरक वर्गावर्गांमधला असेल, तर गणिताच्या दृष्टीने तुमच्याकडे सुटी-सुटी निवडलेली जेमतेम ४५ मुलं असल्यासारखं आहे. 'नमुना ४००' लिहून साधी टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी) लावली की परीक्षक गप्प बसतील कदाचित, पण निष्कर्ष खोटा असेल. दुसरा: पूर्वचाचणीत सगळ्यात कमी गुण पडलेली मुलं निवडून त्यांच्यावर उपक्रम केला, तर उपक्रम न करताही उत्तरचाचणीत ती थोडी वर येतातच. त्या दिवशी काहींची फक्त वेळ वाईट होती. तुलनेचा गट नसेल तर ही वाढ आपण आपल्या उपक्रमाच्या खात्यावर जमा करून टाकतो. कृतिसंशोधनाचे, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गात केलेल्या संशोधनाचे, निम्मे अहवाल याच पैशावर श्रीमंत झालेत.

वर्गात बसण्याची परवानगी लवकर मागा, आणि ती मुख्याध्यापकांइतकीच शिक्षकाकडूनही मागा. तुमची नोंदवही त्याच्या गोपनीय अहवालात जाणार नाही, हे तोंडी नाही, लेखी द्या. पहिल्या दोन भेटींत काहीच लिहू नका. त्या निरीक्षणं म्हणून धरूही नका. तुमची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

आणि मार्गदर्शक शीर्षकाला हात लावू देत नसतील तर लावू नका. ते लांबलचक नाव तसंच राहू द्या. पहिल्या प्रकरणात 'कार्यात्मक व्याख्या' नावाचा भाग असतो, तिथे लिहा: या अभ्यासात 'शालेय प्रशासन' म्हणजे मुख्याध्यापकाने शिक्षकाच्या अध्यापनासाठी दिलेला वेळ; 'शिक्षक प्रशिक्षण' म्हणजे अमुक एक प्रशिक्षण आणि त्यानंतर वर्गात मिळालेली मदत; 'विद्यार्थी विकास' म्हणजे वर्गातला सहभाग आणि हजेरी. माझा दुसरा आराखडा असाच मंजूर झाला. शीर्षकात एका अक्षराचाही बदल नव्हता.