सूज ओसरेल, गोळी सोडू नकोस

ऐरोलीहून लिहिणाऱ्या लेकीला,

तू २६ वर्षांची. कावीळ म्हणून दाखवायला गेलीस आणि बायोप्सीत ऑटोइम्यून हिपॅटायटिस निघाला. तीन महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे. चेहरा इतका गोल झाला की स्थळासाठी काढलेला फोटो तू फाडून टाकलास. आई म्हणते, स्टेरॉइड बंद कर, आणि रोज सकाळी गुळवेलीचा काढा पुढ्यात ठेवते. काय करू, असं विचारलंयस.

काढा आजपासून बंद. या आजारात तुझी प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली आहे आणि गुळवेल लोक घेतात ती प्रतिकारशक्ती वाढवायला. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आईनं मायेपोटीच केलं, तिच्यावर चिडू नकोस. पुढच्या तपासणीला तिला बरोबर ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. काढा किती दिवस घेतलास, तेही त्यांना सांगून टाक.

स्टेरॉइड मात्र मनानं थांबवायचं नाही. आजार उसळू शकतो. शिवाय बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, त्यामुळे एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे यकृताला होणारी इजा दाखवणारा आकडा, उतरेल तसा डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात, आणि चेहराही पूर्ववत होत जातो.

डोस लवकर खाली यावा म्हणून सहसा जोडीला अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी देतात. तुझ्या औषधांच्या यादीत ती दिसली नाही, म्हणून मुद्दाम विचार. ती काहींच्या पांढऱ्या पेशी फार घटवते, त्यामुळे रक्ताची तपासणी वरचेवर लागते. सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रण पडून कडक होणं, नसेल तर ब्युडेसोनाइड या दुसऱ्या स्टेरॉइडचंही विचार. त्यानं चेहरा कमी सुजतो. अझाथायोप्रिन सोसली नाही तर मायकोफेनोलेट असतं, पण ते गरोदरपणात चालत नाही. म्हणून लग्नाचं बघताय, हे डॉक्टरांना आत्ताच सांग. अझाथायोप्रिन चालू असताना कितीतरी जणी सुखरूप आई झाल्या आहेत.

उपचार लांबचा आहे, बाळा. रिपोर्ट निदान दोन वर्षं नॉर्मल राहिल्याशिवाय गोळ्या थांबवण्याचा विषय निघत नाही, आणि थांबवल्यावर आजार पुष्कळांना परत गाठतो. म्हणूनच मुलाकडच्यांपासून हे लपवू नकोस. गोळ्या रोज घ्यायच्या, त्या लपवणार कुठे? फोटोची घाई नाही, डोस उतरल्यावर नवा काढ. पुढची तपासणी कधी आहे, कळव मला.

तुझी,
ताई